आर्माचे दहा डबे आणि आपला घाट

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या बाईंनी विचारलं आहे: "मुलांची सहल रेल्वेनं गोव्याला न्यायची आहे. लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर, कुळे असा मार्ग. तयारी करताना आयर्लंडमधल्या १८८९ सालच्या आर्मा अपघाताबद्दल वाचनात आलं. तीही शाळेच्या मुलांचीच सहल होती. चढावर गाडी अडली, डबे मागं घरंगळले आणि ८० माणसं गेली. आपल्या घाटात असं होऊ शकतं का? आणि त्या अपघातानंतर नेमकं बदललं काय?"

बाई, मी लोंढ्याचा. ३४ वर्षं गार्ड म्हणून नोकरी केली, त्यातली पहिली पंधरा मीटरगेजवर, म्हणजे आपण जिला छोटी लाईन म्हणायचो तिच्यावर. हुद्द्याचं नाव २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झालं, पण आमच्या वेळची माणसं अजून गार्डसाहेबच म्हणतात. मुलं घेऊन निघालेल्या माणसाला गोलमोल उत्तर देऊ नये, म्हणून आधी सरळ सांगतो: सहल खुशाल न्या. आर्माला झालं ते पुन्हा होऊ नये म्हणूनच आजची गाडी तशी बांधलेली असते, आणि घाटात त्यावर आणखी राखण आहे. पण "आता असं होणं शक्यच नाही" असं मात्र मी म्हणणार नाही. उतारावर उभी केलेली गाडी आपोआप सुटल्याच्या घटना अलीकडच्याही आहेत, त्या पुढं सांगतो.

आधी आर्मा. १२ जून १८८९ चा दिवस. तिथल्या मेथॉडिस्ट चर्चच्या रविवारच्या शाळेची सहल समुद्रकाठच्या वॉरनपॉइंटला निघाली होती. अंतर २४ मैल, साधारण आपण बेळगावहून गुंजीला जावं तेवढं. मुलं, त्यांचे आईबाप, शिक्षक. अंदाज ८०० जणांचा होता, आले ९४० च्या आसपास. आपल्याकडं सहलीच्या दिवशी होतं तसंच झालं, ऐनवेळी माणसं वाढली आणि गाडीही वाढवावी लागली. १३ डबे ठरले होते, त्याचे १५ झाले. ड्रायव्हर टॉमस मॅकग्राथ वाढीव डब्यांना राजी नव्हता. मग मदतीला दुसरं इंजिन घ्यायची गोष्ट निघाली, तेव्हा त्यानंच नको म्हटलं. तिकिटाशिवाय कुणी चढू नये म्हणून डब्यांची दारं बाहेरून कुलूप लावून बंद केली गेली. हे कुलूप लक्षात ठेवा.

आर्मा सोडलं की लगेच चढ लागतो. आधी ८२ ला १, मग ७५ ला १, म्हणजे ७५ फूट पुढं गेलं की एक फूट वर. माथा अगदी जवळ आला असताना गाडी अडली. पुढच्या चौकशीत तसल्याच इंजिनानं चाचणी घेतली, तेव्हा नीट चालवलं असतं तर ते चढू शकलं असतं असं दिसून आलं. पण त्या सकाळी ते चढलं नाही एवढं खरं.

गाडीवर कंपनीचा एक वरिष्ठ कारकून होता, जेम्स एलियट. निर्णय त्यानं घेतला. गाडी तोडायची, पुढचे ५ डबे घेऊन इंजिननं पुढच्या हॅमिल्टन्सबॉन स्टेशनात जायचं, ते तिथं ठेवून परत यायचं आणि मागचे १० न्यायचे. ऐकायला हे चुकीचं वाटत नाही. गाडी तोडून दोन खेपांत नेणं आमच्याकडंही नियमात बसतं. प्रश्न एवढाच, की मागं ठेवलेले दहा डबे तिथंच राहतील कशाच्या जोरावर?

राहणार होते फक्त शेवटच्या व्हॅनमधल्या एका हँडब्रेकवर, आणि चाकांखाली सरकवलेल्या काही दगडांवर. पुढच्या भागाचं कपलिंग सोडलं. इंजिन पुढं निघायच्या आधी ते किंचित मागं आलं, फूट-दीड फूट असेल. उभ्या गाडीला चढावर पुढं हलवताना असं व्हायचंच, ज्यानं इंजिन चालवलंय त्याला हे माहीत असतं. तेवढ्या धक्क्यानं दहा डबे मागं ढकलले गेले, चाकं दगडांवर चढली, दगडांचा चुरा झाला आणि डबे उताराला लागले. माणसं धावत येऊन आणखी दगड टाकत होती, गार्ड आणि एक-दोघं हँडब्रेकचं चाक पिळत होते. उपयोग झाला नाही.

मागून नेहमीची प्रवासी गाडी येत होती. ती आर्माहून २० मिनिटांनी सुटली होती. त्या काळी त्या लाईनीवर दोन गाड्यांमध्ये घड्याळाचं अंतर ठेवत. पुढची गाडी कुठं आहे, पोचली की नाही, हे कुणी विचारायचं नाही. इतकी मिनिटं झाली म्हणजे लाईन मोकळी असणार, असं धरून मागची सोडायची. घरंगळणारे डबे दिसले तेव्हा त्या ड्रायव्हरनं वेग पार कमी केला होता, तरी दीडेक मैल उतरून आलेले ते डबे इंजिनवर आदळले. शेवटच्या डब्यांचा चुराडा झाला. दारं कुलूपबंद. ८० माणसं गेली, त्यात जवळजवळ एक तृतीयांश लेकरं. २६० च्या आसपास जखमी. आयर्लंडमधला आजवरचा सगळ्यात मोठा रेल्वे अपघात तोच आहे. धडकेनं त्या दुसऱ्या गाडीचं इंजिन उलटलं, तिचेही दोन तुकडे झाले आणि तेही उताराला लागले. हँडब्रेक आवळून ते कसेबसे थांबवले.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडं येतो. हे मुलांना सांगायचं असेल तर मी ज्या पद्धतीनं नव्या पोरांना सांगायचो तसंच सांगा. स्वयंपाकघरातून सांडशी आणा आणि दोरीवरून कपडे वाळत घालायचा चिमटा आणा. सांडशीनं पातेलं धरलं की हात आवळून ठेवावा लागतो. हात सुटला की पातेलं खाली. चिमट्याचं उलटं. तो आपणहून धरून बसतो. सोडवायचा असेल तर बोटांनी दाबावं लागतं, बोटं काढली की पुन्हा पकडतो.

आर्माच्या गाडीचा ब्रेक सांडशीसारखा होता. त्याला साधा व्हॅक्यूम ब्रेक म्हणत. गाडीभर पाईप जायचा, आणि थांबायचं असेल तेव्हा ड्रायव्हर वाफेच्या जोरावर त्या पाईपमधली हवा ओढून घ्यायचा. हवा ओढली की ब्रेक लागायचे. गाडी अखंड असेतोवर हे चांगलंच चालायचं. पण पाईप तुटला, की ओढणारं इंजिन एका बाजूला आणि डबे दुसऱ्या बाजूला. पाचव्या आणि सहाव्या डब्यांमधला पाईप ज्या क्षणी सोडला, त्या क्षणी मागच्या दहा डब्यांचा ब्रेक मेला. ज्या प्रसंगी ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच प्रसंगी तो नाही.

आमचा व्हॅक्यूम ब्रेक चिमट्याच्या जातीचा होता. त्याला आपोआप लागणारा व्हॅक्यूम म्हणायचं. प्रवासभर पाईपमधली हवा ओढून ठेवलेली असायची, काट्यावर ५३ सेंटिमीटर. ती ओढ आहे तोवर ब्रेक सुटलेले आणि गाडी पळायला मोकळी. पाईप कुठंही फुटला, कपलिंग तुटलं, दोन डब्यांमधला होज निखळला, की बाहेरची हवा आत घुसणार आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप आवळणार. कुणी काही करायला लागत नाही. आताच्या गाड्यांना हवेचा ब्रेक आहे. त्यात उलट हवा भरून ठेवतात, पाईपमध्ये ५ किलोचा दाब. पण चाल तीच, दाब गेला की ब्रेक लागला. डब्यातली साखळी ओढली की गाडी थांबते तीही याच कारणानं. साखळी ड्रायव्हरला नुसती खूण करत नाही, ती पाईपमधली हवाच बाहेर सोडते.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त लागतं ते हे, की चिमट्याचा ब्रेक १८८९ मध्ये नवा नव्हता. जॉर्ज वेस्टिंगहाउसचा आपोआप लागणारा हवेचा ब्रेक त्याच्या १५ वर्षांहून आधीचा. १८७५ मध्ये इंग्लंडात न्यूअर्कजवळ निरनिराळ्या ब्रेकांच्या उघड चाचण्या झाल्या होत्या. सरकारचे रेल्वे निरीक्षक एकामागून एका अहवालात सांगत होते की असा ब्रेक लावा, घड्याळावर गाड्या सोडू नका. पण त्यांचा सल्ला हा सल्लाच होता, बंधन नव्हतं. कंपन्या खर्चाकडं बोट दाखवायच्या आणि अहवाल कपाटात जायचा.

आर्मानंतर कपाट उघडलं. चौकशी मेजर जनरल हचिन्सन यांनी केली. अपघात १२ जूनचा, आणि ३० ऑगस्ट १८८९ ला ब्रिटिश संसदेनं कायदा केलासुद्धा. तीन महिनेही झाले नव्हते. त्या कायद्यानं सरकारला कंपन्यांवर तीन गोष्टी सक्तीनं लादायचा अधिकार मिळाला. एक, प्रवासी गाडीला शेवटपर्यंत जाणारा आणि तुटल्यावर आपोआप लागणारा ब्रेक. दुसरी, पुढच्या स्टेशनानं लाईन मोकळी असल्याचं सांगितल्याशिवाय मागची गाडी सोडायची नाही. तिसरी, सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागा, आणि सिग्नल एकमेकांत असे अडकवायचे की सांधा चुकीचा असताना सिग्नल पडूच नये, म्हणजे गाडीला वाट मिळूच नये.

दुसऱ्या गोष्टीला आपण लाईन क्लियर म्हणतो. छोट्या लाईनीवर तिचं रूप हातात धरता यायचं. यंत्रातून एक लोखंडी गोळा निघायचा, तो ड्रायव्हरच्या हातात असल्याशिवाय पुढच्या स्टेशनापर्यंत जायचंच नाही. दोन स्टेशनांची यंत्रं अशी जोडलेली, की एक गोळा बाहेर असताना दुसरा निघायचाच नाही. गोळा कातडी पिशवीत घालून वेताच्या मोठ्या कड्याला अडकवायचे आणि धावत्या इंजिनवरून हातानं झेलायचे. लहानपणी आम्ही लोंढ्याच्या फलाटावर ते बघायला उभे राहायचो. त्या कड्यात किती माणसांचा जीव अडकवलेला आहे हे नोकरीत लागल्यावर कळलं.

एलियटवर खटला चालला. पहिल्यांदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्यांदा तो सुटला. लोक मला विचारतात, त्या माणसाला सोडलं हे बरोबर झालं का? माझं मत सांगतो. त्याचा निर्णय वाईट होता. मागं दुसरी गाडी येणार हे त्याला माहीत होतं, ती आल्यावर तिच्या इंजिननं मागून ढकललं असतं तर माथा जवळच होता. पण गच्च भरलेली गाडी, तुटली की मरणारा ब्रेक आणि घड्याळावर सुटणारी मागची गाडी एवढं सगळं एका माणसाच्या सकाळच्या अकलेवर सोपवणारी व्यवस्था त्याच्याहून जास्त दोषी होती. १८८९ च्या कायद्यानं तो भार माणसाच्या अंगावरून काढून यंत्राच्या अंगावर टाकला. माणूस चुकला तरी गाडी उभी राहावी, ही त्याची दिशा.

आता आपला घाट. कॅसलरॉक ते कुळे ही लाईन १८८८ ची, म्हणजे आर्माच्या एकच वर्ष आधीची. २६ किलोमीटरचा उतार आणि चढ ३७ ला १. आर्माच्या दुप्पट. हजार टनांची मालगाडी ७५ ला १ च्या उतारावर १३ टनांच्या जोरानं खाली ओढते, तर आपल्या घाटात २७ टनांच्या. म्हणून इथं नुसत्या चांगल्या ब्रेकवर कुणी विसंबत नाही.

तुमची गाडी कॅसलरॉकला थांबेल तेव्हा मुलं कंटाळून विचारतील, एवढा वेळ का? तिथं ब्रेकची तपासणी चालते. गार्ड आपल्या डब्यातला व्हॉल्व्ह उघडतो, आणि पार पुढं इंजिनमध्ये काटा पडला पाहिजे. पडला म्हणजे पाईप पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत सलग आहे. नाही पडला तर मध्ये कुठंतरी कॉक, म्हणजे पाईपची तोटी, बंद राहिलाय. दोन डब्यांमध्ये पाईपला कॉक असतात, आणि त्यातला एक चुकून बंद राहिला तर त्याच्या मागच्या सगळ्या डब्यांवर ड्रायव्हरचा ताबा नाही. चिमट्याचा ब्रेक असूनही ती गाडी आर्माची गाडी झाली. म्हणून ही तपासणी घाईत उरकायची नसते. उशीर झाला म्हणून प्रवासी ओरडले तरी ओरडू द्यायचं.

उतरताना घाटात कॅच साइडिंग लागतात. मुख्य रुळापासून फुटून डोंगराच्या अंगाला चढत जाणारी ती आंधळी लाईन असते. तिथंही चिमट्याचीच चाल. सांधा एरवी त्या साइडिंगकडंच लावलेला असतो. गाडी आधी थांबते, आपण ताब्यात आहोत हे दाखवते, मगच तिला सरळ रस्ता मिळतो. जी थांबू शकत नाही ती आपोआप चढावर जाऊन अडते. परत येताना, कुळ्याहून वर चढताना, गाडीच्या पाठीला बँकर इंजिनं लावतात. ती ढकलतात हे खरं, पण मागं असल्यामुळं घरंगळायला वाटच उरत नाही. आर्माच्या त्या सकाळी मागून एक इंजिन टेकवलं असतं तर आज तुम्हाला हा प्रश्न पडला नसता.

माझी स्वतःची एक रात्र सांगतो. १९८० च्या दशकातली गोष्ट. पावसाळा, छोटी लाईन, मालगाडी, नागरगाळीच्या बाजूचं जंगल. मी शेवटच्या ब्रेकव्हॅनमध्ये एकटा. एका चढावर पुढून कुठूनतरी मोठा आवाज आला, तोफेसारखा, आणि त्याच्या पाठोपाठ माझ्यासमोरच्या काट्याची सुई सरळ शून्यावर पडली. हळूहळू उतरली नाही, पडली. पाईपमधून सूं असा आवाज, आणि पायाखाली ब्रेकचे ठोकळे चाकांना चावल्याची घरघर. चहाची किटली उडून दारापाशी गेली. पाच-सहा सेकंदांत सगळं शांत. पुढच्या एका वाघिणीचा, म्हणजे मालडब्याचा, हूक तुटला होता आणि गाडीचे दोन तुकडे झाले होते. दोन्ही तुकडे चढावर जागच्या जागी उभे. मध्ये दोन वाघिणींएवढी मोकळी जागा, तिच्यात नुसता पाऊस पडत होता.

मी काहीही केलेलं नव्हतं. माझा हात हँडब्रेकपर्यंत पोचायच्या आत गाडी उभी राहिली होती.

मी हँडब्रेक बांधला, कंदील घेऊन उतरलो. ड्रायव्हर आमच्या बेळगावचाच, निवृत्तीला आलेला माणूस. तो पुढून चालत आला. तुटलेल्या हुकाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न, "हँडब्रेक बांधलास काय नाही?" बांधलाय म्हटलं. तरी स्वतः वाघिणींचे हँडब्रेक एकेक हातानं बघत गेला. तेवढ्यात फायरमन पोरानं खडीतला एक भला थोरला दगड उचलून चाकाखाली सरकवला. म्हातारा खेकसला, "दगुड काढ की रे ते! गाडी दगडाच्या भरोशावर ठेवतात काय मर्दा? पाचर आण लाकडाची."

मग माझ्या हातातला कंदील घेऊन त्यानं आम्हा दोघांना ते दाखवलं. दगड चाकाला एका टोकाला टेकतो. सगळं वजन त्या टोकावर येतं, आणि टोक फुटलं की दगड उडतो किंवा रुळावरून घसरत जातो. लाकडी पाचर चाकाच्या गोलाईला बसते, चाक तिच्यावर जितकं दाबेल तितकी ती रुळाला घट्ट होते. त्यानं आर्माचं नाव ऐकलं होतं की नाही ठाऊक नाही. मीही ऐकलं नव्हतं. पुष्कळ वर्षांनी त्या अपघाताबद्दल वाचताना चाकाखालच्या दगडांचा उल्लेख आला आणि मला तो पावसातला कंदील दिसला.

पाचरी लागल्यावर मी फटाके घेऊन मागं चालत निघालो. छोट्या लाईनीवर ४०० मीटरवर एक आणि ८०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन असे फटाके रुळाला बांधायचे. ब्रॉडगेजला हेच ६०० आणि १२०० मीटर. मागून चुकून कुठली गाडी आलीच तर चाकाखाली फटाका फुटतो आणि ड्रायव्हर थांबतो. लाईन क्लियर असताना मागून गाडी येणारच नाही, मग हे कशाला, असं नवी पोरं विचारायची. आर्माच्या लाईनीवरही २० मिनिटं झाल्यावर पुढं कुणी नसणार, असंच सगळे धरून चालले होते.

आता ते अलीकडचं, जे सांगायचं राहिलं होतं. आपोआप लागणारा ब्रेक गाडी थांबवायला उत्तम. पण थांबलेली गाडी तासन्‌तास धरून ठेवायला तो केलेला नाही. व्हॅक्यूम असो की हवा, डब्याखालच्या सिलिंडरमधून थोडी थोडी गळती होतच असते. इंजिन चालू आहे तोवर ती भरून निघते. इंजिन बंद पडलं की चिमट्याची स्प्रिंग हळूहळू ढिली पडत जाते, आणि कुणाला कळतही नाही.

कॅनडात लॅक-मेगँटिक या गावी ६ जुलै २०१३ च्या मध्यरात्रीनंतर नेमकं हेच झालं. कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी गावाच्या वरच्या अंगाला उतारावर उभी करून ड्रायव्हर झोपायला गेला. त्यानं ७ हँडब्रेक बांधले होते. ते धरतात का हे बघताना इंजिनचा हवेचा ब्रेक लावलेलाच होता, त्यामुळं गाडी हवेनं धरली की हँडब्रेकनं, हे कळायला मार्गच नव्हता. पुढं इंजिनला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केलं गेलं, हवा गळत गेली, आणि गाडी सुमारे ११ किलोमीटर घरंगळत भर गावात जाऊन उलटली. ४७ माणसं गेली. आर्मानंतर १२४ वर्षांनी.

आपल्याकडं २५ फेब्रुवारी २०२४ ला जम्मूतल्या कठुआ स्टेशनावरून खडीनं भरलेली ५३ वाघिणींची मालगाडी ड्रायव्हरशिवाय सुटली आणि ७० किलोमीटरहून जास्त पळून पंजाबात उंची बस्सीजवळ थांबली. रुळावर लाकडी ठोकळे टाकून ती थांबवावी लागली. देवाची कृपा, वाटेत कुणी आलं नाही. त्या दिवशी मला घरबसल्या दिवसभर फोन येत होते, आणि प्रत्येकाला मी एकच विचारत होतो, पाचरी लावल्या होत्या का?

म्हणून बाई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की तुम्ही बसलेली चालती गाडी घाटात तुटली तरी ती आपणहून उभी राहील. त्यापुढं तिला उभी ठेवणं हे अजूनही हँडब्रेक आणि पाचरी लावणाऱ्या माणसाच्या हातात आहे, आणि घाटात काम करणारी माणसं हे काम मन लावून करतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तुमच्यासाठी काही गोष्टी. कॅसलरॉकला आणि कुळ्याला मुलांना खाली उतरू देऊ नका. गाडी तिथं बराच वेळ थांबते, पण तपासणी संपली की लगेच निघते. दूधसागर दिसला की सगळी पोरं एकदम एकाच बाजूच्या दाराकडं धावतात, तेव्हा प्रत्येक दारात एक मोठं माणूस उभं करा. धबधब्यापाशी उतरून रुळांवरून चालायला बंदी आहे. मुलांनी मागितलं तरी ऐकू नका, तिथं वळणावर गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही आणि धबधब्याच्या आवाजात ऐकूही येत नाही. साखळीची गोष्ट त्यांना आधीच समजावून सांगा. गंमत म्हणून ओढली तर चढावर गाडी अडते, आणि पुन्हा उचलायला किती कष्ट पडतात ते आता तुम्हाला कळलंच आहे. आर्माच्या दारांना कुलूप होतं, तुमच्या डब्याची दारं नुसत्या कडीनं लावलेली असू द्या, आणि खिडक्यांमध्ये एक आपत्कालीन खिडकी असते, तिच्यावर लाल अक्षरं असतात, ती कुठं आहे ते बसल्या बसल्या मुलांकडून शोधून घ्या.

आर्मा गावात २०१४ साली, अपघाताला १२५ वर्षं झाली तेव्हा, एका लहान मुलीचा पुतळा उभारला. तिच्या हातात वाळूत खेळायची बादली आणि छोटं फावडं आहे. समुद्रावर निघालेली मुलगी. तुमची मुलंही समुद्र बघायलाच निघालीत. सहलीच्या आधी एखाद्या शनिवारी सकाळच्या शाळेत बोलवा, मी येईन. सांडशी आणि चिमटा तुमच्याकडं असेलच, लाकडी पाचर माझ्याकडं एक जुनी आहे, ती घेऊन येतो. मुलांना हातात धरून बघू दे.